व्यंकटेश काय म्हणाला

८ नोव्हेंबर ७६, सोमवार
बार्शीच्या गिरणीतून ट्रंककॉल. त्यांच्या कॉम्प्युटरवर कंपायलरची नवी आवृत्ती चालत नाही. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा मशिनने ओढून घेतला आणि ते जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, गठ्ठ्याच्या कडेवरची पेन्सिलीची तिरकी रेघ सलग आहे ना? कार्डं मागंपुढं झाली नाहीत? "रेघ बराबर हाय वो. मशीनच बसलंय."

ते मशीन म्हणजे आमच्याच गिरणीचं जुनं. विकलं त्यांना, पण त्यावर प्रोग्रॅम तयार करणारा कंपायलर अजून आम्हीच दुरुस्त करून एस.टी.ने पाठवतो. आम्ही म्हणजे व्यंकटेश. जुन्या मशिनचा सगळा भाग त्याच्या हातचा. नव्या मशिनला तो शिवतही नाही, "तुझी नवरी तूच सांभाळ" म्हणतो.

म्हणायचा. ऐन दिवाळीत त्याला लकवा मारला.

१० नोव्हें.
साहेब (पुण्याचे, नवीन) म्हणाले, "जुन्या मशिनचं ओझं किती दिवस वाहायचं? तो भाग काढून टाका. बार्शीला तसं कळवा."

तो भाग गेला की व्यं.ला इथं काम काय? उद्या बरा होऊन आला तरी खुर्ची नाही. म्हटलं, आधी त्याला विचारतो. साहेब बरं म्हणाले, पण तोंड वाकडं करून.

१४ नोव्हें., रविवार
पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, व्यं.च्या घरी. शेजारपाजारचे माग धडधडत होते. उजवा हात लुळा. मला बघून डोळे भरले त्याचे. पण मराठी गेली. सगळीच. उरलंय ते तेलुगू, तेही तुटक. इतकी वर्षं शेजारी बसून मला शिव्यांपलीकडे तेलुगू आलं नाही. कानडी येतं, त्याचा इथं काय उपयोग!

वहिनी मधे बसल्या. मी कंपायलर, मॉनिटर असलं काय काय बोलत गेलो, त्यांनी आपल्या भाषेत त्याला विचारलं. तो दोनतीन शब्द बोलला. वहिनी म्हणाल्या, "काढू नका म्हणतेत. बरं वाटलं की मीच येऊन करतो म्हणतेत."

जीव भांड्यात पडला. माणूस आत शाबूत आहे.

१५ नोव्हें.
साहेबांना सांगितलं. "ठीक. पण महिनाअखेर बार्शीचं चाललं पाहिजे."

२१ नोव्हें., रविवार
आज पद्माला बरोबर नेलं. आमच्या पंचिंगमधली, व्यं.च्याच गल्लीतली. व्यं. आज बराच बोलला. वहिनी: "गठ्ठा आणा म्हणतेत, बघून सांगतो."

बाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर पद्मा म्हणाली, "सर, ते असं काय म्हणाले न्हाईत वो."

मग?

"आईला हाक मारत होते. धागा तुटलाय, माग थांबव म्हणत होते."

गेल्या रविवारचं? ते तरी...

वहिनींचा राग येत नाहीये. यायला हवा का? सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. रस्त्यात रडू आवरेना. लोक बघत होते, बघू देत.

२५ नोव्हें.
व्यं.चा भाग स्वतःच वाचायला घेतलाय. प्रोग्रॅमच्या छापील लिस्टिंगच्या समासात त्याचं अक्षर: "हितं हात लावायचा न्हाय." त्याच्या आवाजातच ऐकू येतं. लबाडा, का लावायचा नाही ते लिहायला काय झालं होतं?

२७ नोव्हें.
सापडलं. जुन्या मशिनची मेमरी नव्याच्या अर्धी. कंपायलरचं शब्दांचं कोष्टक या आवृत्तीत वाढलं, ते तिथं मॉनिटरच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्याच, जागेवर जाऊन बसतं. कोष्टकाचे दोन तुकडे केले. पद्माने कार्डं पंच केली. संध्याकाळच्या गाडीने पार्सल बार्शीला.

२९ नोव्हें.
बार्शीचा फोन. चाललं! ओरडून सांगत होते. मला आनंद झाला नाही. कुणाला सांगायचा?

साहेब म्हणाले, "शाब्बास. कुणी शोधलं?"

व्यंकटेशने, म्हणालो. त्याने सांगितलं, मी केलं. तोंडातून गेलंच. परत घेतलंही नाही मी.

साहेब एकदम खूश. "मग हा माणूस सोडायचा नाही. येत्या रविवारी मीच येतो भेटायला. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

आता काय?

३ डिसें., शुक्रवार
वहिनींना सगळं सांगून टाकलं. पद्मा काय म्हणाली तेही. वाटलं, मान खाली घालतील. नाही घातली.

"साहेबाला तेलगू येतंय व्हय?"

नाही, म्हटलं.

"मग येऊ द्या की. काय सांगायचं ते मला शिकवून ठेवा भाऊजी. चुकायला नको."

बसलो शिकवायला. मेमरी म्हणजे काय, कोष्टक कुठं बसतं, तुकडे का केले. त्या ओठांतल्या ओठांत घोकत होत्या. व्यं. एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे.

मधेच तो काहीतरी बोलला. लांबलचक, चांगलं वाक्यभर. वहिनी घोकायच्या थांबल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.