दोन वाजताची सही

क्लोनडॉकिन, आयर्लंड,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्वरूपा,

कशी आहेस? एवढं विचारायला मला तीन वर्षं लागली, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. दिवाळी झाली असेल नीट. काकू अजून चकलीची भाजणी घरीच करतात का? आणि बाबा कसे आहेत? हा प्रश्न रीत म्हणून विचारत नाहीये, पण त्यावर नंतर येते.

मी ठीक. साडेचारलाच दिवे लावावे लागतात, सकाळपासून भुरभुर चालू आहे आणि खालच्या मजल्यावरचा पॅट रोज भेटला की 'सॉफ्ट डे' म्हणतो. तुला आठवतो ना पॅट? तुझ्या हातची सांबारवडी खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी 'लव्हली, लव्हली' म्हणत होता तो. अजून तुझी चौकशी करतो.

आता पत्राचं कारण. सोमवारी गोव्याच्या त्या कंपनीचा मेल आला. तू क्वालिटीच्या जागेसाठी अर्ज केला आहेस आणि आधीच्या कामाबद्दल कोणाला विचारावं, तिथे माझं नाव दिलं आहेस. इथली नोकरी का सुटली तेही तू अर्जात सरळ लिहून टाकलंस. त्यामुळे तिथल्या एचआरच्या बाईंनी मला स्पष्टच कळवलंय की माझ्या उत्तरावर त्यांचा निर्णय ठरेल. दोन पानी फॉर्म आहे, चोवीस तारखेच्या आत पाठवायचा. माझं नाव! अगं बाई, तुला जगात दुसरं कोणी मिळालं नाही का?

फॉर्मवर तुझा नवा नंबर होता. लावला आणि रिंग वाजायच्या आत कट केला. बोलायला लागले की मी 'ग्रँड, सगळं ग्रँड' म्हणून निसटते, हे तुला माहीत आहे. कागदावर तसं निसटता येत नाही, म्हणून हे पत्र. कुरियरने पाठवतेय.

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माझं भाषण झालं. हो, माझं! 'यशस्वी करिअर घडवणाऱ्या सवयी.' तू असतीस तर पहिल्या रांगेत बसून तोंडात ओढणी कोंबली असतीस. नवीन आलेली पोरं होती, बहुतेक ग्रँड कॅनाल डॉकवाली, आयटीतली. मी आपली ऐटीत सांगत होते. साडेपाचला उठा, घर सोडायच्या आधी दिवसाची तीनच कामं कागदावर लिहा, प्रत्येक मीटिंगमध्ये निदान एकदा तोंड उघडा, रोज एका आयरिश माणसाशी कामाशिवाय पाच मिनिटं बोला, मग ते पावसाबद्दल का असेना. पोरं टिपून घेत होती. म्हणजे आपल्या दोघींचा सवयींचा तक्ताच मी वाचून दाखवला, किचनमधल्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवलेला. बघ, कपाटाला अजून प्रेसच म्हणते. आल्या आल्या घरमालकाने शिकवलेला पहिला शब्द.

मग आपल्या कामातली सवय सांगितली. आयटीवाल्यांना काय कळणार, म्हणून समजावून सांगितलं की इंजेक्शनच्या प्लांटमध्ये प्रत्येक तपासणी करून झाल्यावरच सही करायची आणि शेजारी खरी वेळ घालायची. आधी सही नाही, मागाहून अंदाजाने वेळ नाही. चुकलं तर खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, खाली चुकलेलं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही, तारीख, कारण. ज्याने स्वतःहून असं केलं त्याला समज मिळते, जो पकडला जातो त्याची चौकशी होते. 'ही सवय लागली की माणूस कुठेही टिकतो,' असं म्हणून मी खाली बसले. टाळ्याबिळ्या झाल्या.

शेवटी क्षितिजा नावाच्या एका मुलीने विचारलं, "ताई, या सगळ्या सवयी तुम्ही एकट्यानेच लावून घेतल्यात?"

मी म्हटलं, "हो."

काय सांगणार होते? की पहाटे माझं पांघरूण ओढणारी तू होतीस? की मीटिंगमध्ये मी गप्प बसले की टेबलाखालून चिमटा काढायचीस? आणि त्या तक्त्यात शेवटची ओळ तू घुसवलीस, 'जेवायला एकमेकींसाठी थांबणे'. मी केवढी भांडले! याचा करिअरशी काय संबंध म्हणून. तू म्हणालीस, "उपाशीपोटी कोणी मोठं झालं का बे? लिही न तू." लिहिली. ती ओळ मी भाषणात गाळली.

घरी आले, भात गरम केला आणि एकटी जेवले. दुसऱ्या दिवशी तुझा फॉर्म.

स्वरूपा, आता सांगते. मध्येच थांबू नकोस, पूर्ण वाच.

११ ऑक्टोबर २०२२, मंगळवार. तू लाइनवर होतीस आणि मी रेकॉर्ड तपासायला. खराब बाटल्या मशीन बरोबर बाजूला काढतंय ना, हे दर तासाला नमुन्याच्या बाटल्या सोडून बघायचं, ते काम तुझं. पावणेदोनला रिसेप्शनवरून निरोप आला की घरून सारखे फोन येतायत. आपले फोन लॉकरमध्ये. लाइनवर पियूषला उभं करून तू धावलीस, आणि धावण्याआधी दोन वाजताच्या तपासणीपुढे सही करून वेळही टाकलीस. दोनला परत येऊ असं तुला वाटलं असणार.

तुझी समजूत अशी आहे की संध्याकाळी फाइल बघताना ते आपल्या मॅनेजरला, डीअर्ड्राला, सापडलं. तिला नाही सापडलं. मी पाहिलं, दोनला पाच कमी असताना. सही होती, वेळ होती आणि तू नव्हतीस.

अडीचला कँटीनमध्ये आलीस, डोळे लाल. बाबांना ॲटॅक आलाय, ॲडमिट केलंय म्हणालीस. मी तुला चहा करून दिला. तू म्हणालीस, "मशीनचं दोन वीसला केलं मी, बरोबर निघालं सगळं. रेकॉर्ड ठीक आहे न?"

मी म्हटलं, "ग्रँड."

एक वाक्य पुरलं असतं गं. 'त्या सहीवर रेघ मार, दोन वीस लिही, कारण लिही.' वडील दवाखान्यात, त्यापेक्षा मोठं कारण ते काय असतं? तुला समज मिळाली असती आणि विषय संपला असता. चहा पिईपर्यंत माझ्या तोंडाशी होतं ते. पण शुक्रवारी लाइन लीडच्या बढतीचा इंटरव्ह्यू होता आणि नावं दोनच होती, तुझं आणि माझं. ते मनात आलं. आलं तर आलं, पण मी ते हाकललं नाही, बसू दिलं.

तीन वाजून गेल्यावर वर जाऊन मी रिपोर्ट केला. त्यात एक रकाना असतो, 'प्रथम केव्हा पाहिलं'. तिथे मी लिहिलं, १५:०५. दोनला पाच कमी असं लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की मग तासभर गप्प का बसलीस. तू वेळ आधीची लिहिलीस, घाबरून. मी नंतरची लिहिली, विचार करून. नोकरी तुझी गेली.

पुढे दुसरी नोकरी मिळेना आणि व्हिसाची मुदत संपत आली. तू जेवणाच्या टेबलावर बसून म्हणायचीस, "मीच चुकली, कोणाला काय बोलू?" आणि मी पाठीवर हात फिरवायचे. तोच हात, स्वरूपा. एअरपोर्टवर तू तुझा कुकर मला दिलास आणि म्हणालीस, "एकटी जेवत नको जाऊ बे." मग फोन केलेस, मी वाजू दिले. मग मेसेज, 'राग आहे का माझ्यावर?' तू विचारत होतीस, मला! त्याला काय उत्तर देणार? दिलंच नाही. हळूहळू तू थांबलीस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगून टाकते, काही शिल्लक नको.

लीड झाले. आता माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. साडेपाचला उठते, तीन कामं लिहिते, मीटिंगमध्ये बोलते, पाच मिनिटं पावसावर गप्पा मारते. दर महिन्याला नवा तक्ता छापून प्रेसच्या दाराला लावते, आणि सगळ्या ओळींत टिक होते. शेवटची ओळ छापायची बंद करावी असं दर वेळी वाटतं, होत नाही. ती तेवढी कोरी राहते. माणसं आहेत गं इथे, वाढदिवसाला बोलावतात, गणपतीला मोदक देतात. पण रोज संध्याकाळी दार उघडलं की घरात कोणाचा आवाज नसतो, आणि तो का नसतो हे फक्त मला ठाऊक असतं. ते कोणाशी बोलायचं?

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी त्या ओळीतही टिक केली. घरात कोणी आलं नव्हतं. नुसती ओळ भरलेली दिसावी म्हणून केली. पेन खाली ठेवलं आणि कळलं की मी काय केलंय. न झालेल्या गोष्टीपुढे सही! मग ओट्याला टेकून भरपूर रडले.

परवा, गुरुवारी, डीअर्ड्राच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तिने जुना रिपोर्ट काढला, त्या वेळेवर बोट ठेवलं आणि विचारलं, पाच कमी दोनला पाहिलं होतंस? म्हटलं, हो. तिने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "राइट सो." बस, एवढंच. तुला माहीतच आहे, ती रागावली की आवाज चढवत नाही, शब्द कमी करते. सोमवारी एचआरसमोर बसायचंय. लीडची जागा जाईल, कदाचित नोकरीही. भीती वाटते, वाटत नाही असं कशाला म्हणू? पण गुरुवारी घरी येऊन मी सलग आठ तास झोपले.

आता फॉर्म. भरलाय, प्रत सोबत जोडली आहे. 'कामात खोटी नोंद केली होती का' या प्रश्नापुढे नुसतं 'नाही' लिहायचा मोह झाला. वाटलं, तेवढी भरपाई होईल. पण तू स्वतः अर्जात खरं लिहिलंयस, आणि मी तुझ्यासाठी खोटं लिहिणार? म्हणून घडलं ते लिहिलंय. तू काय केलंस, मी काय केलं, आणि वेळेवर एक वाक्य सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे दुरुस्ती केली असतीस, हेही. 'या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का' याच्यापुढे लिहिलंय, 'लीड म्हणून. तेव्हाही तीच योग्य होती.'

पण पाठवलेला नाही. तू वाचल्याशिवाय पाठवणार नाही. तुला वाटलं की माझं नावच नको, तर दुसऱ्या कोणाचं दे, मी त्यांना कळवेन की मला उत्तर देता येणार नाही, एका अक्षराने जास्त बोलणार नाही. पाठव म्हणालीस तर त्याच दिवशी पाठवेन. त्या दुपारी तुला आधी सांगायला हवं होतं, या वेळी आधी तुलाच सांगतेय.

माफी मागत नाही. म्हणजे मागायची आहे, पण या पत्रात नाही, नाहीतर तुला वाटेल की त्यासाठीच लिहिलं. उत्तर फॉर्मपुरतं दिलंस तरी चालेल, 'पाठव' किंवा 'नको'. आणि जमलं तर बाबांचं एक वाक्य. तू गेल्यापासून मला हेसुद्धा माहीत नाही की ते आहेत की नाहीत. गुगलवर नाव टाकून बघायची हिंमत झाली नाही.

बाहेर अजून भुरभुर चालूच आहे. 'तुझ्यासाठी जेवायची थांबलेय' असं लिहून संपवणार होते. पण ते खोटं होईल. जेवले मी, साडेबाराला, एकटीच.

खाली दुरुस्ती करतेय, आपल्या पद्धतीने.

सही प्रथम पाहिल्याची वेळ: १५:०५. यावर रेघ मारली आहे, वाचता येते.
खरी वेळ: १३:५५.
नोंदीस उशीर: तीन वर्षं अठ्ठावीस दिवस.
कारण: ती जागा मला हवी होती आणि ती तुला मिळाली असती.

सही, स्वतःच्या हाताने, लिहून झाल्यावर,
निवेदिता