तुमच्या बंधूंनी वेळेवर केलेला संप

बर्लिन, मोआबीट
२८ मार्च १९२०

तीर्थरूप आडेलगुंड वन्सं यांना,

ओटीलीचा वाकून नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत, कोंबड्या अंडी देतात की नुसत्याच खातात, सगळं सविस्तर कळवावं. (तुम्ही छातीला चोळायला पाठवलेली हंसाची चरबी आम्ही पावाला लावून खाल्ली. रागावू नका, खोकला तरीही गेला.) तुमचे बंधू सुखरूप आहेत. सुखरूप हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, कारण मधले काही दिवस तो लिहिता येईल की नाही याची मला खात्री नव्हती.

तेरा तारखेच्या शनिवारी पहाटे कैसरच्या बाजूची फौज नवं सरकार उलथायला शहरात शिरली आणि मंत्री मोटारींत बसून पळाले, हे तिकडे समजलं असेलच. हे नेहमीप्रमाणे पावणेआठला कचेरीच्या दारात हजर. दारात शिरस्त्राणवाले शिपाई. त्यांनी यांना परत पाठवलं. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या बैठकीत कैसरसाहेबांची तसबीर अजून आहे, आणि ते गादी सोडून हॉलंडला निघून गेले त्या दिवशी हे जेवले नव्हते. म्हणून मला वाटलं, आज स्वारी खूश असेल. मी तर कपाटातला जुना झेंडा काढून खिडकीत लावायला घेतला होता. हे घरी आले, टोपी काढली, म्हणाले, "घडी घालून ठेव. या लोकांकडे नेमणुकीचा कागद नाही."

संध्याकाळी मंत्र्यांच्या नावानं पत्रक लागलं, सगळ्यांनी काम बंद करा. जन्मभर ज्यांनी संपाला शिव्या दिल्या ते तुमचे बंधू भिंतीसमोर उभे राहून ते दोनदा वाचून आले. "वरिष्ठांचा लेखी आदेश आहे," म्हणाले, "जावक क्रमांक नाही, पण आदेश आहे."

आणि वन्सं, सोमवारपासून यांनी संप केला तो असा. सकाळी आठला कचेरीचा कोट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचं आणि चारपर्यंत काहीही करायचं नाही. मध्ये अर्धा तास जेवणाची सुटी. (मी म्हटलं, बसलाच आहात तर सलगम सोलून द्या. म्हणाले, चारनंतर.) नळाला पाणी नाही, दिवे नाहीत, ट्राम नाही. रस्त्यावरच्या हातपंपाला ही रांग. तिथं आमच्या खालच्या मजल्यावरचा क्रुम्बहोल्त्स भेटला. कारखान्यात लेथवर कातारी आहे, लाल झेंड्याचा माणूस, सहा वर्षं यांच्याशी नमस्कार-चमत्कार नाही. त्यानं डिवचलंच, "काय साहेब, तुमची माणसं आली आणि तुम्ही बादल्या वाहताय?"

"माझी माणसं अर्ज करून येतात," हे म्हणाले.

मग यांची बादली क्रुम्बहोल्त्सनंच वर आणून दिली. त्याच दुपारी यांनी घड्याळाच्या साखळीतली किल्ली काढली आणि खाली जाऊन त्याच्या हवाली केली. सरकारी शिक्क्यांच्या कपाटाची किल्ली, जी अकरा वर्षांत मलासुद्धा हाताळू दिली नाही. (पोचपावती घेतली, हे सांगायला नकोच.)

मंगळवारी अकरा वाजता फौजेचा एक कॅप्टन घरी आला, बरोबर दोन बंदूकवाले. कोवळा, गोरापान, डोळ्यांखाली काळं. त्याच्या हुकुमांवर शिक्का नव्हता आणि शिक्क्याशिवाय कोणी हुकूम मानत नव्हतं.

"किल्ली द्या."

"मंत्र्यांची लेखी परवानगी?"

"मंत्री पळाले."

"म्हणजे रजेवर आहेत. रजेच्या काळात काम बघायला उपमंत्री असतात. तुम्ही उपमंत्री नाही."

त्यानं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "तुम्ही कैसरचं मीठ खाल्लंय. लाज नाही वाटत?"

"खाल्लंय. त्यांच्याच चाकरीत शिकलो, की आपल्या ताब्यात दिलेलं कपाट दुसऱ्याला उघडून द्यायचं नाही. हे सरकार मलाही आवडत नाही. पण आवडीनिवडीचा रकाना कुठल्याच अर्जात नसतो."

आवाज अगदी कचेरीतला. मी यांच्या शेजारी जाऊन बसले. शिपायांनी गाद्या उलथल्या, पिठाचा डबा ओतला (तेवढंच पीठ होतं). काही मिळालं नाही. "उद्या तुरुंगात घालतो," म्हणून कॅप्टन गेला. तो गेल्यावर हे उठले, मोरीत जाऊन ओकले, तोंड पुसून परत टेबलाशी बसले. चार वाजायचे होते.

बुधवारी तो उद्या आलाच नाही, गुरुवारी तर फौजच निघून गेली. पण जाता जाता हसणाऱ्या गर्दीवर गोळ्या झाडून गेली. त्यात क्रुम्बहोल्त्सचा कारखान्यातला जोडीदार गेला. त्याच्या प्रेतयात्रेत लाल झेंड्यांमागून तुमचे बंधू टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत चालले. संप मिटल्यावर कचेरीत पहिलं काम काय केलं असेल? गैरहजर दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण : संप.

अठ्ठावीस वर्षं मी यांच्या काटेकोरपणाची टिंगल केली. आता करताना जरा जड जाईल.

आपली,
ओटीली

ता. क. यांच्यात फार बदल झालाय असं समजू नका. मी विचारलं, उद्या कैसर परत आले तर? म्हणाले, "रीतसर आले तर दार मीच उघडीन."

ता. क. २. खरं तर यासाठी लिहायला बसले. टपाल तुंबलं होतं, त्यामुळे तुमचं तेरा तारखेचं पत्र परवा पोचलं. चष्मा नव्हता म्हणून चुकून मीच फोडलं. त्यात तुम्ही लिहिलंय, "बाळ, अखेर आपली माणसं आली, पुढे होऊन त्यांचं स्वागत कर." ते माझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी आहे, यांना दाखवलेलं नाही. रोज संध्याकाळी हे विचारतात, ताईचं काही आलं? जगात एका तुमच्या शब्दाला हे घाबरतात. तेव्हा कृपा करून दुसरं पत्र पाठवा, दोनच ओळी, की बाळ, तू बरोबर केलंस. मनातून वाटत नसलं तरी चालेल. तारीख मात्र खरी घाला, तिथली लबाडी यांना लगेच कळते.