उघड्या दाराची शहानिशा

आदरणीय मामूजान,

सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींना आता झोप लागते का? आम्ही ठीक आहोत. निदान आपली धाकटी, माझी बहीण, सगळ्यांना तसं सांगते, मग मी वेगळं कशाला लिहू.

परवा तिला घेऊन बायकांच्या मोफत कायदा-मदत केंद्रात गेले. (फुकटचा वकील केस बुडवतो, असं तुम्ही म्हणाला होतात. नातेवाइकांचे सल्लेही आजवर फुकटच मिळाले; त्यांनी काय तारलं, ते मला आठवूनही सापडलं नाही.) आपले जावई, म्हणजे धाकटीचे नवाबसाहेब, पाच वडीलधारे घेऊन आले. ते पाचही आधी बसले, त्यामुळे जिची तक्रार ती उभी. दुसरा निकाह करून ज्याने दोन वर्षं हिला आणि पोरीला विचारलं नाही, तो म्हणतो, "माझ्या घराचं दार तिला उघडंच आहे. हीच येत नाही." (हेच वाक्य तुम्ही फोनवर ऐकवलं होतंत, म्हणून माझाही थोडा विश्वास बसला.) पाचही माना हलल्या. वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे कोर्टाला पटलं तर ती आपल्या मनाने निघून गेली असं ठरेल. मग पोटगी गेली आणि निकाहातून सुटकाही लांबली.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कोणाला खोटं म्हणण्याआधी मला खात्री करावी लागते. (न जाणो, माणूस सुधारलाही असेल, रागात मीच अन्याय करत असेन.) म्हणून धाकटीला आणि तिच्या बॅगेला घेऊन मी थेट त्या दारात गेले. दार खरंच उघडं होतं. आत मोठा आरसा, फिरती खुर्ची आणि तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईक. न्हाव्याने वस्तरा थांबवून अदबीने सांगितलं, "ताई, आमच्याकडे फक्त पुरुषांची कटिंग होते." दीड वर्ष झालं म्हणे दुकान टाकून. सुट्टीचा दिवस सोडला तर दार उघडंच असतं. आणि त्या पाचांपैकी दोघे तिथेच दाढी करायला येतात! तरी माना हलल्या, मामूजान. त्या मानांना साबण लावताना न्हाव्याचा हात कसा थरथरत नाही?

धाकटी रस्त्यात उभी राहून इतकी हसली की मला भीती वाटली. मग म्हणाली, "आपा, मला आता त्याचं दार नको. फक्त मला यातून सोडव."

रागाच्या भरात काही वेडंवाकडं लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला.

तुमची मोठी भाची

ता. क. न्हावी साक्ष द्यायला घाबरतो. दुकानाची जागा जाईल म्हणतो. ती जागा त्याला तुम्हीच मिळवून दिलीत, असंही म्हणाला. तेव्हा केंद्रातल्या पुढच्या सुनावणीला येऊन एवढंच सांगाल ना? तुमची खुर्ची मी आधीच अडवून ठेवीन.

पुन्हा ता. क. गुडघे आड येतील, हे मी धरून चालले होते. पण काल मामींनी फोन करून केंद्र किती वाजता उघडतं ते विचारलं. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. त्या येणारच आहेत, तर दोघं एकाच रिक्षाने या.