मशीनवर हात

गुरुवार, संध्याकाळ

नवीन कॉम्प्युटर येऊन आज आठवा दिवस. जुन्यावर माझ्या गेमचा बिल्ड, म्हणजे खेळून बघता येईल अशी प्रत, तयार व्हायला पाऊण तास लागायचा, आता चार मिनिटं. आणि शेवटची लेव्हल? डोंबल. होती तिथेच आहे.

पप्पा चाकणच्या कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. तिथे लाइन थांबली की रजिस्टरात कारण लिहावं लागायचं: मशीन, माल की माणूस. ती सवय घरीही आली. गेम बाजारात आणायची तारीख मी दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "काय गं, लाइन का थांबली?" दोन्ही वेळा मी म्हटलं, मशीन. शेवटी त्यांनी नवी स्कूटर घ्यायचं रद्द केलं आणि मला हे घेऊन दिलं.

आज चहा घेऊन आले. स्क्रीनवर सकाळचंच चित्र.

"आज कशानं थांबलीय?"

"ड्रायव्हर अपडेट होतोय, पप्पा."

त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर तळहात ठेवला. गार होतं. "बरं," म्हणाले, कप ठेवला आणि गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसता हात लावून मशीन चालतंय की उभं आहे हे ओळखणारा माणूस, आणि मी त्याला ड्रायव्हरच्या थापा मारतेय! मला शेवट सुचत नाहीये, सहा महिने सुचत नाहीये. पहिल्याच दिवशी 'माणूस' म्हणायला माझी जीभ का रेटली नाही?

खाली त्यांची जुनी स्कूटर चालू होत नाहीये. मी इथे बसून किका मोजतेय.