कपाटाचं कुलूप आणि मी, अध्यक्ष

३ मार्च
सरकारच्या देखरेख खात्याचं पत्र. सगळी परवाना मंडळं तपासणार, बिनकामाची बरखास्त करणार. आमच्या कुलूप-किल्ली कारागीर मंडळाकडे अधिकारी बाई बारा तारखेला येणार. नऊ वर्षांत एकही उमेदवार पास का नाही, असं विचारलंय. उत्तर सोपं आहे. दर्जा. उद्यापासून रोज दोन तास फाइली लावणार.

४ मार्च
फाइली कपाटात. कपाटाला कुलूप, दार लोटलं की आपोआप लागणारं. किल्ली सापडत नाही. चिंता नाही. परवाना क्रमांक एक माझाच आहे.

५ मार्च, दु. ३
कुलूप उघडायला बसलो. उजेड कमी पडला.

६ मार्च
उजेड भरपूर. कुलूपच सदोष. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शेवटचं कुलूप कधी उघडलं होतं, हेही विचारलं. अध्यक्षाने धोरण बघायचं असतं, तिला कळत नाही.

८ मार्च
तातडीची सभा, कपाटासमोर. पाचही सभासद परवानाधारक. उपाध्यक्षांचा हात थरथरतो, सचिव चष्मा विसरले, उरलेले दोघे पद्धतीवरून भांडले. ठराव: कुलूप उत्तम दर्जाचं आहे. एकमताने मंजूर. चहा.

१० मार्च
बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या चावीवालीला बोलवा. तिला आम्ही चारदा नापास केलंय. शेवटच्या वेळी फार लवकर उघडलं म्हणून. बिनपरवाना माणसाने कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम मीच लिहिला. मागच्या वर्षी आपलं घर तिनेच उघडून दिलं, असं बायको म्हणाली. ते खासगी होतं.

११ मार्च
कपाट भिंतीकडे तोंड करून फिरवलं. कमरेत उसण भरली. पण आता कुलूप दिसत नाही. प्रश्न मिटला.

१२ मार्च
अधिकारी बाईंनी आधी विचारलं, कपाटाला शिक्षा केलीय का. मग ते फिरवायला लावलं आणि खिडकीतून चावीवालीला हाक मारली. तिने केसातली पिन काढली. अकरा सेकंद. मी नियम वाचून दाखवत होतो, कोणी ऐकलं नाही. आत सगळ्यात वर किल्ली. खाली तिची चार निकालपत्रं, चारही माझ्या अक्षरात: कुलूप उघडले. नापास.

२० मार्च
आदेश आला. मंडळ राहणार. मी म्हणतच होतो. फक्त जुन्या सभासदांनी परीक्षा द्यायची. परीक्षक चावीवाली. घरी सांगितलं, औपचारिकता आहे.

२ एप्रिल, सायं. ५
तिने तेच कुलूप दिलं. वेळ एक तास. मी दोन मागितले, दिले तिने. नापास. फेरपरीक्षा तीन वर्षांनी, हाही नियम माझाच.
बाहेर पायरीवर बसलो. फार वाईट वाटत होतं. ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, काका, चारही वेळा मी याच पायरीवर रडले होते. मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेलीय. तिने पदराचं टोक पुढे केलं.
संकल्प: उद्यापासून रोज दोन तास तिच्या टपरीवर बसणार. तिला मार्गदर्शन करायला.