मायच्या नावाचा गॅस

५ जानेवारी

वही दिवाळीत आणली होती. आज उघडली! मधे पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर वहीवर बाबांचं औषध सांडलं, मग ती वाळायला गच्चीवर ठेवली आणि तिथंच विसरलो. ही सगळी बहाणेबाजी. खरं म्हणजे लिहायला बसलं की घरातलंच लिहावं लागतं. आणि घरात काय आहे — बाबा, मी, आणि उतरत चाललेला गॅस.

आज सकाळी टाकी हलवून बघितली. हलकी लागली. माझा अंदाज, महिना कसाबसा जाईल. बाबा खाटेवरून म्हणले, "तुझी माय असती तर दोन महिने गेले असते."

माय जाऊन दोन वर्षं होतील. गॅस अजून तिच्याच नावावर आहे. भामाबाई सांडू खरात. एजन्सीत कुणी सांगितलंच नाय. आधी राहून गेलं, मग बाबांनी राहू दिलं. टाकी आणणारा नानासाहेब गेटातून बोंबलतो, "भामाबाईऽऽ!" आणि बाबा आतून "व्हय!" म्हणतात.

झोप आली.

७ जानेवारी

परवा खरा मुद्दा लिहायचाच राहिला!

टाकी यायची तर मोबाइलवर कोड येतो. तो कोड सांगितला तरच टाकी मिळते. कोड मायच्या नंबरवर येतो. ती गेल्यावर पण बाबा तो नंबर चालू ठेवायचे, छोटं रिचार्ज मारून. गेल्या पावसाळ्यात मोरीत घसरून बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात महिने गेले, नंबर बंद पडला. मी तवा सुरतेत होतो. आलो, रिचार्ज मारायला गेलो तर दुकानवाला म्हणतो, "ये नंबर तो गया भाई, कंपनीने किसी और को दे दिया."

आता एकच रस्ता. मायच्या मृत्यूचा दाखला द्यायचा, कनेक्शन बाबांच्या नावावर करायचं. दाखला ट्रंकेत आहे. फक्त बाबांची सही पाहिजे.

बाबा करत नायत.

"सही केली की नानासाहेब गेटातून माझं नाव वरडणार," म्हणले. "मला कशाला हाक मारायची? मी हाय की घरातच."

मी दाखला परत ट्रंकेत ठेवला.

दोस्ताचा, सोमनाथचा फोन. फर्दापूरला लेण्यांवर सीझन जोरात आहे, त्याच्या मालकाला जीपवर माणूस पाहिजे. "आक्या, तू येतो का दुसरा बघू?" येतो म्हणलं. गॅसचं लावलं की येतो.

११ जानेवारी

शेजारच्या कडूबाई मावशीनं टाकी मोजायची रीत शिकवली. ओला पंचा टाकीला गुंडाळायचा. काढला की बघत बसायचं. वरचं रिकामं अंग तापल्या पत्र्यासारखं झटक्यात वाळतं, खालचं ओलंच राहतं. जिथं ओल थांबली तिथवर गॅस.

आम्ही दोघं टाकीपुढं उकिडवे बसलो, पाळण्यातलं पोर बघावं तसं. रेघ पार खाली, बुडापासून चार-पाच बोटं.

"वीस रोज," मावशी म्हणली. "पाणी तापवायचं सोडलं तर जास्ती."

"बाबांना गार पाणी कसं घालू?"

"मग पंधरा धर. बायको आणली असती तर तिनं नुसतं एका हातानं उचलून सांगितलं असतं. पण तुला कोण देतंय! आज सुरत, उद्या गोवा. तुझा तर कोडच येत नाय कुणाला."

ती हसली. मी पण हसलो. मग संध्याकाळी तळ्यावर गेलो. पाणी लई आटलंय. एक माणूस टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरत होता, त्याच्याकडंच बघत बसलो. ट्यूब फुटली तर त्याला पोहता येतं का, हे विचारायचं होतं. आलो तर अंधार. बाबा बिनदिव्याचे बसलेले, बटण लांब म्हणून.

१४ जानेवारी

नामविस्तार दिन. विद्यापीठ गेटला मुंगी शिरणार नाय अशी गर्दी. माय दरवर्षी पांढरी साडी नेसून जायची, येताना माझ्यासाठी एक पुस्तक आणायची. मी एकही पुरं वाचलं नाय. पहिली दहा पानं सगळ्यांची पाठ आहेत!

बाबांना विचारलं, रिक्षानं नेऊ का. भिंतीकडं तोंड केलं.

१६ जानेवारी

आज संपला! म्हणजे, संपला असं वाटलं.

थंडी लई होती. खिचडी ठेवली, तांदूळ अर्धा कच्चा, आणि ज्योत बारीक बारीक होत नुसती निळी टिकली राहिली. मी ओरडलो, "बाबा, गेला गॅस!"

बाबा वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. एकटे. इतक्या दिवसात पहिल्यांदा. "नीट बघ," म्हणले. "हलव. आडवी कर. नीट बघ ना रे!" हाड मोडलं तवा मी नव्हतो, तवाचा चेहरा मला माहीत नाय. पण याच्याहून वाईट नसंल.

दुपारी ऊन वर आलं, परत पेटवलं तर ज्योत बरी! मावशी म्हणली, थंडीत थोडा राहिलेला गॅस असाच आळसतो. खिचडी शिजली. बाबांनी खाल्ली नाय.

म्हणजे माझे सगळे अंदाज वाया. आहे म्हणावं तर नाय, नाय म्हणावं तर आहे.

१९ जानेवारी

एजन्सीत जाऊन टाकी बुक केली. कोड मायच्या नंबरवर गेला असणार, म्हणजे तो नंबर आता ज्याच्याकडं आहे त्याला. मग डोकं चालवलं — त्यालाच फोन लावू!

उचलला एका पोरीनं.

मी म्हणलं, "ताई, तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आला असंल, तेवढा सांगता का?"

"शर्म नहीं आती भैया?"

"अवो ताई, गॅसचा आहे —"

मग मराठीत सुरू झाली. "काल बँकेचा, आज गॅसचा! माझ्या मावशीचे पैसे असेच गेले. नंबर पोलिसात देते थांब." खट्! परत लावला तर लागतच नाय. ब्लॉक.

तिचं काय चुकलं? मला कुणी मागितला असता तर मी पण शिव्याच दिल्या असत्या.

गंमत म्हणून बाबांना सांगितलं. हसले नायत.

"पोरगी हाय व्हय त्या नंबरवर?"

"व्हय."

"आवाज कसा हाय?"

"खेकसती."

मग म्हणले, "लहान असंल अजून."

२१ जानेवारी

नानासाहेब टाकी घेऊन आला. "भामाबाईऽऽ!" बाबा "व्हय!" — आज आवाज जरा जोरातच.

"कोड सांग आक्या."

नाय म्हणलं. सगळं रामायण सांगितलं. त्यानं टाकीवर कोपर टेकवून ऐकलं. मायला तो वळखायचा, ती त्याला उन्हाळ्यात ताक द्यायची. ती गेलेली पण त्याला माहीत आहे. तरी नाव वरडतो.

"कोड नाय तर टाकी नाय रे बाबा. माझी भाकरी जाईल. एक करतो, बुकिंग पुढल्या गुरुवारपर्यंत ठेवून घेतो. तेवढ्यात नावाचं तरी करून टाका. किती दिवस चालायचं हे?"

शेवटचं वाक्य हळू बोलला, पण बाबांना ऐकू गेलं असणार. टाकी परत खांद्यावर घेऊन गेला. भरलेली टाकी दारातून माघारी जाताना बघवत नाय.

२२ जानेवारी

भांडण.

दाखला काढून बाबांच्या मांडीवर ठेवला, पेन ठेवलं. त्यांनी पेन उशीखाली घातलं. मी नको ते बोललो. "माय नाय आता! कुणी गेटातून वरडलं म्हणून ती भाकरी टाकायला येणार आहे का?"



मी पिशवी उचलली, सिल्लोडची गाडी धरली. पुढं जीप पकडून फर्दापूर, सुटलो! खिडकीत बसलो, वारा लागला, बरं वाटलं. फुलंब्री येईपर्यंत बरं वाटलं. मग आठवलं, संध्याकाळची पेज. बाबांना वॉकर धरून शेगडीपाशी उभं राहता येतं, पण दोन्ही हात वॉकरला. लायटर कशानं धरणार?

उतरलो. परत आलो. बाबांनी विचारलं नाय कुठं गेलतो. मी सांगितलं नाय.

२३ जानेवारी

पेज.

२५ जानेवारी

आता एका हातानं उचलती टाकी. मावशीची बायकोवाली गोष्ट आठवली.

एक गंमत नाय पण गंमतच — या महिन्याच्या सुरवातीला मला वाटायचं, संपू दे बाबा एकदाचा. संपला की बाबा सही करतील, मी मोकळा. मुद्दाम चहा जास्त करायचो! आणि आता बघतो तर मीच ज्योत बारीक करतोय. डाळ भिजवून घालतो. भांड्यावर झाकण ठेवतो. अंघोळीचं पाणी उन्हात ठेवतो. सोमनाथचा फोन येतो तर उचलत नाय. ही टाकी संपली की मायच्या नावाचं या घरात काही येणार नाय, हे मला पण कळायला लागलं बहुतेक. उशिराच.

ज्योतीला आज लाल कड दिसली. मावशी म्हणती, लाल झाली की दोन-तीन रोज.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा, लाउडस्पीकर. जेवताना बाबा एकदम म्हणले, "आण तो कागद एजन्सीतून. करतो सही."

"नक्की?"

"तू किती दिवस अडकून पडणार?"

मला आनंद व्हायला पाहिजे होता. ताट तसंच घेऊन मोरीत गेलो, नळ सोडला आणि उगंच उभा राहिलो.

२७ जानेवारी

एजन्सीत लाइन. अर्ज मिळाला. पहिल्याच ओळीत — मयत ग्राहकाचे नाव. ते मीच भरलं, बाबांना भरायला लावलं नाय. माझं अक्षर एवढं चांगलं कधी आलं नव्हतं.

घरी आलो तर बाबांच्या हातात माझा जुना फोन, दुसऱ्या सिमचा. "कुणाला लावलता?" म्हणलं. "कुणाला नाय," म्हणले. सही उद्या सकाळी करतो म्हणले.

२८ जानेवारी

बाबा उशीखालून पेन काढतच होते तर गेट वाजलं. मला वाटलं नानासाहेब. तर एक पोरगी! पाठीला सॅक, नर्सिंगचा पांढरा ड्रेस, हातात मोबाइल. घाबरलेली, आणि तरी आत आली.

"भामाबाई खरातांचं घर हेच ना? त्यांचा नंबर माझ्याकडं आहे, कोड पण. तुमच्यावर मी ओरडले होते."

मी खुर्ची पुढं केली.

"काल काकांचा फोन आला, पत्ता त्यांनीच सांगितला. त्यांनी कोड मागितलाच नाही," ती म्हणली. "नुसतं विचारलं, पोरी, भामाबाईच्या नावानं काही येतं का तुला? मी म्हणलं येतं. तर म्हणले, वाचून दाखवती का. मी वाचलं. म्हणले, नाव परत एकदा वाच."

ती खुर्चीवर बसलीय. बाबा आत नवा सदरा घालतायत, बटणं लागत नायत, पण मदतीला बोलवत नायत. अर्ज खाटेवर तसाच पडलाय.

आतून म्हणतायत, "आक्या, पोरीला आधी चहा टाक!"

गॅस किती आहे, बघितलं नाय.