मंजिरीनं लिहिलेला अहवाल

शुक्रवार, संध्याकाळ

मंजिरीचा हेवा वाटतो, हे इथे तरी लिहावं. आम्ही दोघी एकाच वर्गात पर्यावरणशास्त्र शिकलो. मी कॉलेजात शिकवते, ती बिल्डरांना पर्यावरण अहवाल करून देते. ती गाडी, तो रुबाब.

आज आमच्या शहराच्या बेहाला भागात तळं बुजवून उभ्या राहणाऱ्या टॉवरची जनसुनावणी होती. अहवाल मंजिरीचा, म्हणून मी मुद्दाम उठून विचारलं, "ज्याचं बांधकाम, तोच तपासणीचे पैसे देणार? मग तपासणी कसली?" टाळ्या पडल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंजिरी शांतपणे म्हणाली, "खर्च त्यांनीच करावा, लोकांनी का? फक्त तपासणारा त्यांनी निवडू नये." मग तिनं निष्कर्ष वाचला. आजूबाजूच्या गल्ल्यांचं पावसाचं पाणी याच तळ्यात उतरतं, ते बुजवू नये. बिल्डर समोरच बसला होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, आता तुला काम कोण देईल?"

"बघू," ती म्हणाली. "चहा घेऊया?"

गाडीचा हेवा परवडला असता. तिच्या जागी मी तळ्याबद्दल एखादं गुळमुळीत वाक्य लिहून मोकळी झाले असते.